खानदेशच्या उन्हाळ्यात शॅमेलिऑनची अंडी

चोपडा तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलंय: "माझ्याकडे व्हेल्ड शॅमेलिऑनची (रंग बदलणाऱ्या परदेशी सरड्यांची) जोडी आहे, रीतसर नोंदणी केलेली. गेल्या फेब्रुवारीत मादीने ३६ अंडी घातली. कोंबडीच्या अंड्यांचं छोटं इनक्युबेटर २८ अंशांवर लावलं आणि त्यात ठेवली. एप्रिलच्या शेवटापर्यंत अंडी पांढरी, टणक होती. मे संपेपर्यंत सगळी पिवळी पडून चिपली. एकही पिल्लू निघालं नाही. आता जूनच्या सुरुवातीला पुन्हा जोडी लावली, त्याला बारा दिवस झाले. या वेळी काय करू?"

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. तुमचा नर कमजोर नाही आणि मादीतही काही खोट नाही. वांझ अंडं सहसा दोन-अडीच महिने पांढरं आणि टणक राहत नाही. ते बहुतेक वेळा पहिल्या काही आठवड्यांतच पिवळं पडतं, मऊ होतं, त्याला बुरशी धरते. तुमची अंडी एप्रिलपर्यंत टिकली म्हणजे ती फळलेली होती, आत जीव होता. तो मे महिन्यात गेला.

गेला तो इनक्युबेटरमुळे. ते यंत्र फक्त तापवतं, थंड करत नाही. २८ वर लावलं म्हणजे खोली २० अंशांवर असताना ते २८ करून देईल. पण खोलीच ३६ वर गेली की हीटर बंद पडतो आणि आतलं तापमान खोलीइतकंच चढतं. चोपड्यात मे महिन्यात बाहेर ४३-४४ असताना स्लॅबच्या घरात रात्री दहा वाजताही ३५-३६ असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. कोंबडीच्या अंड्याला साडेसदतीस अंश लागतात, २१ दिवस लागतात आणि ते दिवसातून अनेकदा फिरवावं लागतं. शॅमेलिऑनचं सगळं उलटं. त्याला २६ ते २८ अंश हवेत, सहा ते नऊ महिने हवेत आणि एकदा ठेवलेलं अंडं फिरवलं तर आतला गर्भ मरू शकतो. तुमच्या यंत्रात अंडी फिरवणारा ट्रे असेल आणि तो चालू राहिला असेल, तर तेही एक कारण.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो. परदेशातली माहिती वाचाल तर ती थंड देशातल्या माणसाने लिहिलेली असते. त्याची सगळी धडपड अंड्यांना ऊब देण्याची. आपल्याकडे ऊब फुकट आहे. आपल्याला अंडी उन्हाळ्यातून काढायची असतात, आणि त्यातला अर्धा भाग यंत्राने नाही, तारखेने साधतो.

हे मी वाचून सांगत नाही. माझी पहिली ४१ अंडी मी वरच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवली होती, कारण तिथे कुणाचा हात लागणार नव्हता. मेच्या तिसऱ्या आठवड्यात डबा उघडला तेव्हा अंड्यांना खड्डे पडले होते. एक कापून पाहिलं. आत पूर्ण घडलेलं पिल्लू होतं, डोळ्यांचे बुबुळे दिसत होते, शेपटी गुंडाळलेली. आणखी महिनाभर मिळाला असता तर बाहेर आलं असतं. तेव्हापासून अंड्यांना मे महिना गाठेल अशा तारखेला मी जोडी लावत नाही.

तारखेचा हिशेब असा. मिलनानंतर मादी साधारण २० ते ३० दिवसांत अंडी घालते. २७ अंशांच्या आसपास अंडी सात-साडेसात महिने घेतात, हिवाळ्यात तापमान उतरलं तर थोडी जास्त. जूनच्या सुरुवातीला मिलन झालं तर अंडी जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतात आणि पिल्लं फेब्रुवारीत निघतात. म्हणजे अंड्यांना मे महिना बघावाच लागत नाही आणि पिल्लांना ऊन चढण्याआधी दोन महिने मिळतात. तुमची या वेळची तारीख नेमकी बसली आहे. योगायोगाने असेल, पण बसली आहे. पुढच्या वर्षीही हीच धरा.

आता मादीकडे या, कारण तिचं काम आधी आहे. बारावा दिवस म्हणजे आठ दिवसांत ती खाली उतरू शकते. तिच्या अंगावर गडद हिरव्या-काळपट रंगात निळे-पिवळे ठिपके दिसत असतील, नर दिसला की ती तोंड वासून फुसफुसत असेल, अंग डोलवत असेल. ही गाभण मादीची भाषा आहे. नराचा पिंजरा तिला दिसताही कामा नये. मध्ये पडदा लावा.

अंडी घालायची बादली आजच ठेवा. वीस लिटरची प्लॅस्टिकची बादली किंवा खोल टब चालेल. त्यात कमीत कमी ३० सेंटिमीटर खोल धुतलेली, चाळलेली नदीची वाळू भरा, थोडा पोयटा मिसळा. शेतातली काळी माती अजिबात घेऊ नका. कपाशीची ती माती ओली असताना पंजांना चिकटते आणि वाळली की दगड होते, भेगा पडतात; मादीने केलेलं बीळ एक तर बुजतं नाही तर तिला खणताच येत नाही. शिवाय त्या मातीत किती वर्षांच्या फवारण्या मुरलेल्या आहेत कुणास ठाऊक. वाळू एवढी ओली हवी की मुठीत दाबली तर गोळा राहिला पाहिजे पण पाणी निथळलं नाही पाहिजे. केरसुणीच्या दांड्याने तळापर्यंत भोक पाडून बघा. भोक तसंच उभं राहिलं तर ओल बरोबर आहे, कडा ढासळल्या तर अजून पाणी शिंपडा.

दोन-तीन दिवस आधीपासून ती खाणं कमी करेल, फांद्या सोडून तळाला फिरेल, कोपरे उकरेल. मग बादलीत उतरेल आणि खणायला लागेल. आता सगळ्यात अवघड काम तुमचं आहे: बघायचं नाही. खणताना तिला माणूस दिसला की ती बीळ सोडून देते. एकदा सोडलं, दोनदा सोडलं, की अंडी आतच अडकण्याची भीती असते. पिंजऱ्याच्या तीन बाजूंनी चादर लावा आणि चौथ्या बाजूला बारीक फट ठेवून लांबूनच दिवसातून दोनदा नजर टाका.

माझी दुसरी मादी मी याच उतावळेपणाने गमावली. दर अर्ध्या तासाला जाऊन चादर वर करत होतो, मोबाइलचा उजेड पाडत होतो. आई ओसरीवरून दोनदा म्हणाली, "बाळंतीण शे ती, तिले एकली राहू दे." मी ऐकलं नाही. तिने तीन बिळं अर्धवट सोडली. चौथ्या दिवशी भर दुपारी डोळे मिटून बसलेली दिसली, फांदीवरची पकड सुटत होती. नाशिकच्या रस्त्यावर, गाडीतच गेली. पोटात २९ अंडी होती.

त्यामुळे ही लक्षणं पाठ करा: दोन दिवस उकरतेय पण अंडी नाहीत, दिवसा डोळे मिटतेय, डोळे खोल गेलेत, पकड ढिली झालीय. यातलं एकही दिसलं तर थांबू नका. अडकलेली अंडी क्ष-किरणांत दिसतात आणि वेळेत पोहोचलं तर कॅल्शियम, मग गरज पडल्यास अंडी उतरवणारं इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया, असे उपाय असतात. आपल्या भागात गाई-म्हशींचे डॉक्टर उत्तम आहेत, पण सरड्यांचा सराव असलेला डॉक्टर गाठायला नाशिक-पुण्याकडे जावं लागतं. तो कोण, कधी भेटतो, हे आज फोन करून ठेवा. रात्री अकराला शोधायची वेळ येऊ देऊ नका.

अंडी किती येणार हे बऱ्याच अंशी तुम्ही तिला काय खाऊ घातलं यावर ठरतं. व्हेल्डची मादी ३०-४० अंडी सहज घालते, भरपूर खाल्लेली मादी ८०च्या वरही जाते आणि त्यात तिच्या हाडांतलं कॅल्शियम ओढलं जातं. माणसाला वाटतं जास्त अंडी म्हणजे जास्त फायदा. तसं नाही, अशा मादीचं आयुष्य झपाट्याने आटतं. पूर्ण वाढलेल्या मादीला एरवी दिवसाआड मोजके किडे द्या आणि तिच्या ऊन खायच्या जागेवर २७-२८ अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नका, म्हणजे अंडी वीस-तीसच्या आसपास राहतात. गाभण असताना मात्र उपाशी ठेवू नका. किड्यांवर साधं कॅल्शियम भुरभुरवा, पाणी भरपूर शिंपडा. वर्षाच्या आतल्या मादीला जोडी लावू नका. आणि नर नसला तरी मादी वांझ अंडी घालतेच, म्हणून ही वाळूची बादली एकट्या मादीच्या घरातही हवी.

अंडी घातल्यावर ती बीळ बुजवेल, वरची वाळू थापून सपाट करेल आणि मग वर चढेल. पोट आत गेलेलं, कूस खपाटीला लागलेली, अंगाला माती. तिला आधी पाणी द्या, दहा मिनिटं हलकं शिंपडत राहा. ती घोट घोट पीत राहील. मग आठवडाभर चांगलं खाऊ घाला.

अंडी त्याच दिवशी काढा. चमच्याने वाळू हळूहळू बाजूला करा, अंडं दिसलं की मऊ ब्रशने मोकळं करा. ज्या बाजूने सापडलं तीच बाजू वर ठेवून साध्या शिसपेन्सिलीने वर बारीक ठिपका द्या. शाईचा मार्कर नको, कवच चामड्यासारखं असतं, शोषून घेतं. इथून पुढे तो ठिपका पिल्लं निघेपर्यंत आकाशाकडेच राहिला पाहिजे.

डब्यात व्हर्मिक्युलाइट घ्या, म्हणजे पाणी धरून ठेवणारं एक हलकं खनिज. रोपवाटिकांचं सामान ठेवणाऱ्या दुकानात मिळतं. कोकोपीट स्वस्त असलं तरी बुरशी लवकर धरतं, मी वापरत नाही. १०० ग्रॅम व्हर्मिक्युलाइटला ८० ग्रॅम पाणी, वजनाने. पाणी आरओचं घ्या, आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. मिसळून मूठ आवळली तर थेंब पडता कामा नये. इथे लोक हमखास चुकतात. अंड्याला ओल हवी म्हणून चिखल करतात आणि अंडी बुडून मरतात. अंडी अर्धी रुतवून, एकमेकांपासून बोटभर अंतरावर मांडा. झाकणाला दोन-तीन बारीक भोकं पुरे. मग भरलेला डबा काट्यावर ठेवा आणि आलेलं वजन तारखेसह झाकणावर लिहा. महिन्यातून एकदा पुन्हा वजन करा. जेवढं घटलं तेवढंच पाणी कडेकडेने सोडा, अंड्यांवर नाही. अंदाजपंचे पाणी घालण्याची सवय या एका आकड्याने सुटते. अंडी पाणी शोषून फुगतात, हे चांगलं लक्षण.

आता डबा कुठे ठेवायचा. जुलै ते जानेवारी हा काळ आपल्याकडे सोपा आहे. तळमजल्यावर, उत्तरेच्या खोलीत, जमिनीलगत, जिथे ऊन कधीच येत नाही अशी जागा बघा. धाब्याचं घर असेल तर आतली खोली सोन्यासारखी. मातीच्या त्या जाड भिंती आणि माळवद यांच्याइतकं स्थिर तापमान माझ्या कुठल्याही यंत्राने दिलं नाही. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी ३० पर्यंत गेलं तरी घाबरू नका, रात्री उतरतं. डिसेंबर-जानेवारीत खोली १८-२० वर आली तर वाढ मंदावते, अंडी मरत नाहीत. त्या वेळी तुमचं कोंबडीचं इनक्युबेटर बाहेर काढा, ट्रे काढून टाका आणि २६ वर लावा; तेव्हा ते खरोखर उपयोगी आहे.

उशिरा घातलेली अंडी हाताशी असतील आणि उन्हाळा काढावाच लागणार असेल तर माठ वापरा. हे मी बरीच वर्षं करतोय म्हणून सविस्तर सांगतो. तोंड रुंद असलेला मोठा नवा माठ घ्या. जुना नको, आपल्या जड पाण्याच्या क्षारांनी त्याची छिद्रं बुजलेली असतात, म्हणून तर जुन्या माठाचं पाणी गार होत नाही. घमेल्यात ओली वाळू पसरून त्यावर माठ बसवा. माठाच्या आत पाणी भरायचं नाही; तळाला विटेचा तुकडा, त्यावर अंड्यांचा बंद डबा. माठाभोवती गोणपाट गुंडाळून सकाळ-संध्याकाळ भिजवा. तोंडावर लाकडी झाकण, त्यातून थर्मामीटरची वायर आत. खिडकीचा वारा लागेल अशा सावलीत ठेवा, कोंदट कोपऱ्यात नाही. वारा नसेल तर बाष्प उडत नाही आणि माठ नुसता मातीचा डेरा होऊन बसतो. माझ्या घरात मे महिन्यात खोली ३६ वर असताना माठात २७-२८ राहिलं आहे, विजेचा एक युनिट न जाळता. लाइट गेली म्हणून अंडी गेली, असं होत नाही. आठवड्यातून एकदा डबा उघडून हवा बदला.

पण माठाचा एक भरवसा नसलेला पंधरवडा आहे, तो नीट ध्यानात घ्या. मृग लागताना ढग येतात, हवा दमट होते, पाऊस मात्र आलेला नसतो. तापमान ३८-४० आणि हवेत ओल. कूलर जसा त्या दिवसांत नुसता ओला वारा फेकतो, तसाच माठही थकतो. माझी माठातली अंडी जी गेली ती मेमध्ये नाही, जूनच्या पहिल्या दहा दिवसांत गेली. त्या दिवसांसाठी थर्माकोलच्या पेटीत डबा आणि बाजूला गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या, दर पाच-सहा तासांनी बदलायच्या, बाटली डब्याला टेकू द्यायची नाही. रात्री गजर लावून उठावं लागतं. म्हणूनच पुन्हा सांगतो, तारीख पाळा.

डब्यात डोकावण्याची घाई नको. व्हेल्डच्या अंड्यातला गर्भ पहिले सुमारे दोन महिने अगदी सुरुवातीच्या अवस्थेतच थांबलेला असतो. त्यामुळे महिन्याने अंधारात बॅटरी लावून पाहिलं आणि काही दिसलं नाही, म्हणून कुणी अंडी फेकून देतं. तीन-साडेतीन महिन्यांनी बघा, अंडं न उचलता, बारीक बॅटरी बाजूने टेकवून. गुलाबी झाक आणि लाल शिरांची जाळी दिसेल. चांगल्या अंड्याला सहसा बुरशी धरत नाही. ज्याला धरली आणि जे चिपलं ते चमच्याने काढून टाका. आणखी एक: कासव-मगरीचं ऐकून लोक विचारतात की किती तापमानाला नर, किती तापमानाला मादी. शॅमेलिऑनमध्ये तापमानावर लिंग ठरत नाही. व्हेल्डचा नर जन्मतःच ओळखू येतो, मागच्या पायाच्या टाचेला छोटं नखासारखं टोक असतं.

निघायच्या आधी अंड्यांवर पाण्याचे बारीक थेंब दिसतात, जणू घाम फुटलाय. फुगलेलं अंडं थोडं सैल पडतं. मग एका टोकाला चांदणीसारखी चीर पडते आणि नाक बाहेर येतं. त्यानंतर पिल्लू तासन्‌तास, कधी दिवसभर तसंच बसून राहतं. मेलं असं वाटतं. ते आतला उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. हात लावू नका, चीर मोठी करू नका. सगळी पिल्लं सहसा काही दिवसांत निघतात.

पिल्लांच्या खाण्याची तयारी महिनाभर आधी सुरू करायची आणि इथे आपण नशीबवान आहोत. रावेर-यावलपासून तुमच्या चोपड्यापर्यंत केळी. पिकून काळं पडलेलं केळं सोलून कुस्करा, चिमूटभर यीस्ट घाला, काचेच्या बरणीत दोन बोटं थर द्या, वर कागदाच्या सुरळ्या उभ्या करा, तोंडाला पातळ कापड. फळमाश्या आल्या की दहा-चौदा दिवसांत नवी पिढी. पण खोली ३० अंशांच्या वर गेली की या माशीचे नर वांझ होतात आणि बरणी एकाएकी संपते. एप्रिलमध्ये पिल्लं निघाली तर त्यांना काय घालायचं, हा प्रश्न तिथून येतो. फेब्रुवारीत तो येत नाही. केळाची साल बरणीत टाकू नका, तिच्यावर फवारणीचा अंश असू शकतो. त्याच कारणाने कपाशीच्या बांधावरचे नाकतोडे, टोळ कधीही पकडून घालू नका, मोठ्या जनावरालाही नाही. आणि ज्या खोलीत पिल्लं आहेत तिथे डासांची कॉइल किंवा प्लगमधलं औषध लावू नका. किडेही मरतात, पिल्लंही दगावतात. मच्छरदाणी वापरा.

एक पिल्लू दिवसाला दहा-वीस माश्या खातं. तीस पिल्लं म्हणजे रोज साडेचारशे माश्यांच्या आसपास. एकाच बरणीवर भागत नाही, सहा-सात बरण्या वेगवेगळ्या तारखांच्या लागतात. जोडीला अगदी बारीक रातकिडे (क्रिकेट), म्हणजे त्यांची नुकती निघालेली पिल्लं. सगळ्यावर कॅल्शियम. पाच-सहा पिल्लांचा एक गट, आत जास्वंदाच्या किंवा मनीप्लांटच्या फांद्या, दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा. यूव्हीबी नळी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी दिव्याची नळी, पहिल्या दिवसापासून. काचेतून येणारं ऊन कामाचं नाही, काच ते किरण अडवते. सकाळी साडेसात-आठचं कोवळं ऊन पंधरा मिनिटं, अर्धी जागा सावलीत, तुम्ही समोर बसलेले असाल तरच. एकदा फोन आला म्हणून आत गेलात आणि वीस मिनिटांनी आलात, तर मार्चमध्येही ती भाजलेली सापडतात. छोटं पिल्लू मोठ्याकडून दबतंय, कोपऱ्यात काळवंडून बसतंय असं दिसलं की त्याच दिवशी वेगळं करा. तीन महिन्यांच्या आत कुणाला देऊ नका.

तुम्ही नोंदणी केली आहे हे वाचून बरं वाटलं. व्हेल्ड शॅमेलिऑन मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातला, साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातला. वन्यजीव कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४च्या नियमांनंतर अशा जनावरांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. पिल्लं झाली, कुणाला दिली, जनावर मेलं, हे सगळं तिथे कळवायचं असतं. अंडी निघण्याआधीच कागद तयार ठेवा. आणि आपल्या सातपुड्याच्या पायथ्याला, शेताच्या कुंपणावर जो हिरवा शॅमेलिऑन दिसतो, जुन्या पुस्तकांतला सरडगुहिरा, तो १९७२च्या कायद्याने संरक्षित आहे. त्याला घरी आणायचं नाही, तुमच्या नराला जोडी म्हणून तर नाहीच. त्याला विष नसतं. शेजारी कुणी काठी घेऊन निघालं तर एवढं सांगून त्याला वाचवा.

शेवटी एक प्रश्न मी तुम्हालाच विचारतो. तीस पिल्लांना घरं आहेत का? मे महिन्यात ज्यांच्या घरात कूलर-इन्व्हर्टर आहे, जे रोज किडे पोसतील, नोंदणी करतील, अशी किती माणसं तुम्ही ओळखता? मी स्वतः आता एका वेळी दहा-बारा अंडीच ठेवतो. बाकीची पहिल्याच आठवड्यात, गर्भ अगदी प्राथमिक असताना, फ्रीझरमध्ये जातात. हे करताना हात जड होतो, पण फळलेल्या ३६ अंड्यांतली २० पिल्लं जूनमध्ये कुणाच्या बंद खोलीत मेलेली मी पाहिली आहेत, आणि ते त्याहून जड होतं. हेही ध्यानात ठेवा की मादी नराचं बीज साठवून ठेवते. तीन-चार महिन्यांनी, पुन्हा जोडी न लावताही, फळलेली अंडी येऊ शकतात. ती ऑक्टोबर-नोव्हेंबरची अंडी मे-जूनमध्ये निघतील. ती मी ठेवत नाही.

आज बादली भरा, चादर लावा, डॉक्टरांना फोन करा. अंडी आली की किती आली आणि त्यानंतर मादीचं वजन किती भरलं ते कळवा; त्यावरून त्यातली किती ठेवायची ते आपण बोलून ठरवू.